उंबरठ्यावरची बोट

बोट ताब्यात आल्यापासून ॲम्ब्रोज टिलीला रोज पहाटे जाग यायची ती दचकूनच. डोळे उघडायच्या आधी तो कानोसा घ्यायचा. कुठे पाणी ठिबकतंय का? दोर सैल झालाय का? लोखंडी पत्रा थंडीने कुरकुरला तरी त्याला वाटायचं, झालं, बुडतेय. शेजारी त्याची बायको ग्लेनिस शांत घोरत असायची. घोरणाऱ्या माणसाचा त्याला फार आधार वाटे.

बोटीचं नाव 'ऑगस्टा'. पासष्ट फूट लांब, बारा फूट रुंद, सगळी लोखंडाची. राहतं घर विकून त्यांनी ती दक्षिणेतल्या एका गोदीतून घेतली होती आणि कालव्याकालव्याने थेट उत्तरेला, थोरली मुलगी राहत होती त्या गावाबाहेरच्या धक्क्यावर न्यायची होती. तिथे बोट बांधायला कायमची जागा मिळाली होती. उरलेलं आयुष्य तिथेच, पाण्यावर काढायचं असं ठरलं होतं. म्हणजे ग्लेनिसने ठरवलं होतं. ॲम्ब्रोज 'हो' म्हणाला होता, कारण 'नाही' म्हणायला लागणारी हिंमत 'हो' म्हणायला लागत नाही.

तो जिल्ह्याच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं बांधायचा. ग्लेनिस शहरात बस चालवायची. तेव्हा बोट कोणी हाकायची हा प्रश्नच नव्हता. पण कालव्यावरची रीत उलटी. तिथे नवरा मागे सुकाणूचा दांडा धरून ऐटीत उभा राहतो, आणि बायको काठाकाठाने पळत लॉकचे दरवाजे ढकलते. ही जोडी उलटी बघितली की काठावरच्यांना उकळ्या फुटत.

"काय साहेब, बायकोने खाली उतरवलं वाटतं?"

"भाडं दिलं नसेल!" ग्लेनिस दांड्यावरून ओरडायची, आणि काठ हसायचा. ॲम्ब्रोजही हसायचा, पण त्याचं लक्ष दरवाजांकडे असायचं.

लॉक म्हणजे कालव्याची पायरी. दोन्ही टोकांना अजस्र लाकडी दरवाजे असलेली दगडी हौदासारखी खोली. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, मग दरवाजांच्या तळाशी असलेल्या झडपा हँडल फिरवून उचलायच्या. पाणी आत आलं की बोट वर चढते, बाहेर गेलं की खाली उतरते. एवढंच. गोदीतल्या माणसाने पहिल्या लॉकवर येऊन सगळं दाखवलं होतं.

"पुढे जागा सोडा," तो ग्लेनिसला म्हणाला होता. "चढताना बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पुढच्या दरवाजाच्या लाकडात अडकली तर पाणी चढतं आणि बोट खालीच राहते. नाक लांब ठेवा."

"हे मला नका शिकवू. अर्धं आयुष्य नाक लांब ठेवण्यातच गेलंय," ग्लेनिस म्हणाली होती. आणि खरंच, तिने कुठल्याही लॉकमध्ये बोटीचं नाक दरवाजाला लागू दिलं नव्हतं. आतापर्यंतची सगळी वाट चढाची होती.

काल मात्र एक गोष्ट घडली होती. एका दारूगुत्त्यासमोरच्या लॉकमध्ये बोट चढत असताना ॲम्ब्रोजला वाटलं, मागचा दोर खुंटाला अडकून ताणला जातोय. तो जिवाच्या आकांताने ओरडला, "थांब! ग्लेनिस, थांब! सगळं थांबवा!" बाकांवर बिअर पीत बसलेली माणसं उभी राहिली. आणि तो दोर नव्हता, दोराची सावली होती. लोक हसले. एकाने ग्लास उंचावून "सावलीपासून सावध!" असं म्हटलं. ग्लेनिसही हसली, पण संध्याकाळी भांडी विसळताना म्हणाली, "अँबी, पुन्हा लोकांसमोर माझ्यावर असा ओरडलास ना, तर कालव्यात ढकलीन तुला."

"मला वाटलं..."

"तुला रोज काहीतरी वाटतं."

ते खरंच होतं.

आणि आज उतार सुरू होणार होता.

ब्रॅकनहोच्या टेकडीवरून कालवा जिन्यासारखा खाली जातो, एकाखाली एक लॉक. वरून बघितलं की काळ्यापांढऱ्या दरवाजांचे दांडे शेतांमधून उतरत गेलेले दिसतात, आणि दूर खाली चर्चचा मनोरा. सकाळ ढगाळ होती, वारा नव्हता, पाण्यावर पातळ धुकं होतं. न्याहारीला ॲम्ब्रोजने टोस्टला हातही लावला नाही.

"उतरताना मागचं बघावं लागतं," तो म्हणाला. "वरच्या दरवाजांच्या आत पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. चांगला पाच फूट पुढे आलेला. लॉक भरलेलं असताना दिसत नाही. पाणी उतरलं आणि बोटीची पिछाडी त्याच्यावर राहिली, तर पिछाडी तिथेच टेकते आणि नाळ खाली जात राहते. मग..."

"काठावर पांढरी रेघ असते, तिच्या पुढे राहायचं. काल रात्रीपासून चौथ्यांदा सांगतोयस. टोस्ट खा."

"आपली बोट लांब आहे, ग्लेनिस. पुढे-मागे मिळून हातभर इकडेतिकडे. फार जागा नाही."

"बसही लांब होती."

पहिल्या लॉकमध्ये ऑगस्टा शिरली तेव्हा दोन्ही बाजूंना हातभरच जागा राहिली. ॲम्ब्रोजने मागचे दरवाजे लावले, त्यांच्या लांब दांड्यांना पाठ लावून, टाचा विटांत रोवून. मग खालच्या दरवाजांकडे चालत गेला. दरवाजाच्या पलीकडे वाकून बघवत नव्हतं. तळ खूप खाली होता. काळी, शेवाळलेली, ओली भिंत, आणि तळाशी, वर यायची वाट बघणारी एक अरुंद बोट.

त्या बोटीवरचा माणूस हातात हँडल घेऊन काठाने वर येत होता. कालव्यावर हे असंच चालतं. समोरून येणारा माणूस न विचारता मदतीला येतो, न विचारता पलीकडची झडप उचलतो, आणि त्याला 'नको' म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखं.

"सकाळ छान आहे, बदका!" तो पलीकडच्या काठावरून म्हणाला. त्या भागात लहानथोर सगळ्यांना बदकच म्हणतात. गडी साठीचा, लालबुंद गालांचा, डोक्यावर मळकी टोपी. "मी नेव्हिल. बाप रे, बोट आहे का नाचाचा हॉल! आणि दांड्यावर मॅडम! अहो मॅडम, याला पगार देता की जेवणावर ठेवलाय?"

"जेवणही नाही, टोस्ट टाकला त्याने आज!" ग्लेनिस ओरडली.

नेव्हिल खो खो हसला आणि हँडल चाकाला लावून फिरवायलाही लागला. खट, खट, खट, दातेरी चाकावरचा खटका वाजत गेला. खाली पाणी उसळून बाहेर पडायला लागलं.

ॲम्ब्रोजने अजून मागे बघितलंही नव्हतं.

त्याने हँडल लावलं आणि मग मान वळवून बघितलं. ग्लेनिस दांड्यापाशी उभी होती, नजर समोर. तिच्या आणि खालच्या दरवाजांच्या मधे तिने नेहमीसारखी ऐसपैस जागा सोडली होती. बोट थोडी पुढे सरकली की ती इंजिनाला हलकेच मागचा गिअर देत होती, नाक दरवाजाला लागू नये म्हणून. पाण्यात मागे फेसाचं वर्तुळ उठत होतं. आणि काठावरची पांढरी रेघ सुकाणूच्या पुढे होती.

पुढे? की मागे? सत्तर फुटांवरून, तिरक्या नजरेने बघत होता तो. चष्म्यावर धुक्याचा ओलावा होता. रेघ सुकाणूच्या पुढे आहे असं त्याला दिसलं, आणि लगेच वाटलं, छे, कोन चुकतोय आपला. ग्लेनिसला रेघ माहीत आहे. ती रेघेच्या शेजारीच आहे की. काल सावलीला दोर म्हणालास. आता ओरडलास, आणि नाही निघालं तसं, तर हा माणूस पोट धरून हसेल, आणि ती...

"हं, चला बदका, तुमची बाजूही उचला! दुपार करायची का इथेच?" नेव्हिल म्हणाला.

ॲम्ब्रोजने हँडल फिरवलं.

खट, खट, खट. झडप अर्धी वर आली. तो परत मागे बघत होता. पाणी भराभर उतरत होतं, भिंतीवर ओला काळा पट्टा रुंद होत चालला होता. बोटीची नाळ खाली जात होती. पिछाडी... पिछाडी तेवढीच खाली जातेय का? बघू. क्षणभर बघू.

मग आतून कपबशी फुटल्याचा आवाज आला.

एक. मग तीन-चार एकदम. मग काहीतरी जड घरंगळत गेलं आणि आदळलं, आणि छपरावरची फुलांची कुंडी सावकाश नाळेकडे सरकायला लागली. ग्लेनिसने मान वर केली. तिचा चेहरा जिथे होता तिथेच होता, काठाच्या जवळजवळ बरोबरीने. बोटीची नाळ मात्र खाली विहिरीत गेली होती. तिच्या पायाखालचा पत्रा उतरता झाला होता.

"अँबी?" ती म्हणाली. ओरडली नाही. प्रश्न विचारल्यासारखं म्हणाली.

त्यानंतर ॲम्ब्रोज ओरडला की नाही हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही. त्याने हँडल ओढून पट्ट्यात खोचलं, खटका उचलला आणि आपली झडप पाडली, चाक गरगर फिरलं. पाण्याचा आवाज निम्मा झाला. निम्माच.

"अरे देवा, टांगली! टांगली बोट!" पलीकडून नेव्हिल किंचाळला. "मॅडम, उडी मारा! काठावर उडी मारा!" आणि कमरेचं दुसरं हँडल उपसत तो धावत सुटला, वरच्या दरवाजांकडे, वरच्या झडपा उघडून लॉक परत भरायला. करायचं तेच होतं, पण नंतर. त्याची खालची झडप पूर्ण उघडी होती. तो वरून पाणी घालणार आणि ते खालून वाहून जाणार.

"तुमची झडप! नेव्हिल! झडप पाडा आधी!"

नेव्हिल धावत होता. त्याच्या कानात फक्त पाणी होतं.

ग्लेनिस उडी मारत नव्हती. दोन्ही हातांनी तिने मागचा कठडा धरला होता. बोट एका अंगाला कलंडून पलीकडच्या भिंतीला घासत होती, आणि ग्लेनिसच्या बाजूला बोट व काठ यांच्यात काळी फट पडली होती. खाली पुढच्या टोकाला, नाळेमागच्या छोट्या चौकात, पाणी आत येत होतं. बोटीतल्या घराच्या दाराच्या पायरीशी आलं होतं. त्या लाकडी दाराला तळाशी फट होती. एकदा आत शिरलं की बोट नाकावर जाणार, आणि पिछाडी उंबरठ्यावरून सुटून ग्लेनिससकट कोसळणार. हे सगळं त्याने वाचलं होतं. चित्रासकट.

पलीकडच्या काठावर जायला दोन वाटा होत्या. एक वरच्या दरवाजांवरून, लांब. दुसरी इथूनच, खालच्या बंद दरवाजांच्या अंगाला ठोकलेल्या फळीवरून. एका पावलाएवढी फळी, एका बाजूला हाताला दांडी, दुसऱ्या बाजूला काही नाही. एवढ्या दिवसांत तो तिच्यावर एकदाही चढला नव्हता. दर वेळी लांबून फिरून गेला होता, आणि ग्लेनिस दर वेळी काही न बोलता थांबली होती.

तो फळीवर चढला.

दांडी घट्ट धरून तो कडेकडेने सरकला. पाण्याची थरथर दरवाजातून फळीत उतरत होती आणि फळीतून पायात येत होती. मधे दोन दरवाजे मिळतात तिथे पायाखाली पोकळी होती, आणि तिच्यातून पाण्याचा फवारा वर येऊन चष्मा भिजला. त्याला काही दिसेना. दांडी संपली, दुसरी सापडेना. हात हवेत चाचपडला, लोखंड लागलं. तो पलीकडे पोहोचला तो गुडघ्यांवर.

नेव्हिलचं हँडल चाकावर तसंच होतं. घाईत लावून सोडलेलं. तसाच खटका उचलला असता तर ते पंख्यासारखं फिरून हाडं मोडून गेलं असतं. ते काढायला गेला तर निघेना, ताणाखाली घट्ट बसलेलं. मग त्याने दोन्ही हातांनी ते धरलं, किंचित वर फिरवलं, कोपराने खटका मागे सारला, आणि झडपेचा सगळा भार अंगावर घेत एकेक वेढा खाली सोडायला लागला. हात खांद्यातून निखळतील असं वाटलं. खाली पाण्याचा गडगडाट बारीक झाला. मग गुरगुर. मग नुसती ठिबक.

"आता उघडा!" तो ओरडला. "नेव्हिल! हळू! थोडीच उघडा, नाहीतर लाट येईल!"

"हळू म्हणजे किती?"

"निम्म्याच्याही निम्मी! थांबा आता!"

वरून पाणी आलं. बोट जागची हलली नाही. चौकातलं पाणी दाराला टेकलेलं होतं, त्यावर फुलांच्या पाकळ्या तरंगत होत्या. कुंडी कधीच बुडाली होती. ॲम्ब्रोज बघत राहिला. मग लोखंड दगडावर खरवडल्याचा असा आवाज आला की शेतातल्या मेंढ्या पळाल्या. नाळ हळूहळू उचलली जायला लागली. पिछाडी थरारली, एकदा आदळली, आणि तरंगली.

"पुढे घे!" तो म्हणाला. "ग्लेनिस, पुढे! दरवाजाला लागू दे, लागली तर लागली!"

ऑगस्टाचं नाक दरवाजावर धाडकन आपटलं आणि तिथेच राहिलं.

लॉक पुरतं भरलं. नेव्हिल टोपी हातात घेऊन आला. लाल गाल राखेसारखे झाले होते.

"माझं हँडल तसंच राहिलं," तो म्हणाला. "तीस वर्षं बोटीवर आहे मी. माफ करा. फार माफ करा."

"नाही, नाही, माफ करा तुम्हीच मला," ॲम्ब्रोज म्हणाला. असं दोघंही तीनचारदा म्हणाले. मग नेव्हिल दूर जाऊन काठावर बसला.

ग्लेनिसने गिअर देऊन लगेच पुन्हा दोन्ही हातांनी कठडा धरला होता. ॲम्ब्रोजने बोटीवर चढून तिची बोटं एकेक करून सोडवली.

"उडी का नाही मारलीस?" त्याने विचारलं.

"हात सुटेनात." तिचे दात वाजत होते. "मला कळत होतं. हातांना कळत नव्हतं."

आत जमिनीवर फुटक्या बशा, पुस्तकं, साखर, आणि पुढच्या दाराखालून आलेलं पाणी. त्यातून त्याने एक धड कप शोधला, चहा केला. ती दोन्ही हातांनी कप धरून बसली, तरी चहा सांडला.

"मी मागे नाही बघितलं," ती म्हणाली. "पुढेच बघत होते. नाक वाचवत होते." मग म्हणाली, "तुला दिसलं होतं?"

खोटं बोलायला सोपं होतं. अंतर होतं, धुकं होतं, चष्मा होता.

"हो," तो म्हणाला.

"कधी?"

"माझी झडप उचलायच्या आधी."

ग्लेनिसने कप खाली ठेवला. "आणि तू उचललीस."

"वाटलं, मला चुकीचं दिसतंय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. ती रागावली नव्हती. बसमध्ये अनोळखी उतारू चढताना जसं बघतात तसं ती त्याच्याकडे बघत होती, हा कोण, कुठे उतरणार.

"काल मीच म्हटलं होतं, ओरडू नकोस म्हणून," ती शेवटी म्हणाली.

"तू गमतीने म्हणालीस."

"नव्हते गमतीने म्हणाले."

बाहेर नेव्हिलच्या बायकोने खालून हाक मारली, सगळं ठीक आहे ना म्हणून. त्यांची बोट अजून खालीच होती. वरच्या कालव्यात ऑगस्टा वळवण्याएवढी रुंदी नव्हती, मागे जायला वाट नव्हती. टेकडी उतरूनच जावं लागणार होतं. हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

ग्लेनिस उठली. त्याच्या पट्ट्यात खोचलेलं हँडल तिने काढून घेतलं.

"मी दांडा नाही धरणार," ती म्हणाली. "आज तरी नाही. तू धर."

"मला येत नाही, ग्लेनिस."

"उभं राहायचंय फक्त. पुढे ठेवायची, दरवाजाला टेकवून. बाकी मी बघते."

ॲम्ब्रोज मागे जाऊन उभा राहिला. दांडा आता गार पडला होता. इंजिनाची धडधड तळव्यांतून गुडघ्यांत चढत होती. त्याने नाक दरवाजाला टेकवलं आणि गिअर पुढेच ठेवला, गोदीतल्या माणसाने दाखवला होता तसा. काठावर ग्लेनिस होती, पलीकडे कोणी नव्हतं. नेव्हिल उठला, दोन पावलं चालला, थांबला आणि हात खिशात घालून उभा राहिला.

तिने हँडल लावलं. फिरवायच्या आधी ती चालत मागे आली, रेघेशी उभी राहिली, रेघेवर बूट टेकवला आणि सुकाणूकडे बघितलं. मग परत पुढे गेली. खट. थांबली. मागे बघितलं. खट.

पाणी उतरायला लागलं. दोन्हीकडच्या भिंती वर चढायला लागल्या. शेतं गेली, मेंढ्या गेल्या, मग नेव्हिलचे बूट गेले. राहिला तो वर आभाळाचा एक लांबट चौकोन, ओल्या दगडांचा वास, आणि पाठीमागे हातभर अंतरावर पाण्यातून हळूहळू वर येणारा काळा उंबरठा. त्याच्या कडेला दगडावर ताजा, पांढरा ओरखडा होता. त्याने मान फिरवली. पुन्हा बघायची हिंमत झाली नाही.

तो वर बघत राहिला. तिथे, खूप उंच, ग्लेनिसचा चेहरा काठावरून डोकावत होता. तो चेहरा त्याच्याकडे बघत नव्हता. तो रेघेकडे बघत होता, सुकाणूकडे, परत रेघेकडे. ॲम्ब्रोजला वाटलं, एकदा बघेल ती. एकदा तरी बघेल. हाक मारावी असंही मनात आलं. पण तिची नजर रेघेवरून हलेल याचीच भीती जास्त होती, म्हणून त्याने दांडा धरला आणि खाली जात राहिला.